दोन दोरांमधली वीण

बाळांनो, क्षणभर डोळे मिटा आणि एक किनारा मनात आणा. मार्गशीर्षातली सकाळ आहे. सुरूच्या झाडांच्या काळ्या-हिरव्या रांगेमागून सोनं सांडतं आहे. ओल्या वाळूवर ते आधी केशरी, मग पिवळं, मग नुसतं लखलखीत. समुद्र अजून निळा नाही. शिंपल्याच्या पोटासारखा तो धूसर, मोतिया, शांत.

त्या वाळूवर दोन दोर ताणलेले. वरचा हलका, तरंगणारा. खालचा जड, शिसं ओवलेला. दोघांवर सारख्याच अंतरावर, सारख्याच गाठी. आणि दोघांच्या मध्ये काहीच नाही. नुसता वारा.

त्या वाऱ्यासमोर बसली आहे दहा वर्षांची चांगुणा. रापण म्हणजे गावाने मिळून किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं. त्याचा मधला फाटका तुकडा तिला नव्याने विणायचा आहे. वीण जुळली, तर आज ओढणाऱ्यांच्या रांगेत तिला जागा. रापणीचे म्होरके दाजीबा तांडेल तसं बोलून बसले होते, आणि वर हसून म्हणाले होते, "गो चेडवा, भोक ऱ्हवला तर मासो तुका हसान जातलो."

शेजारी तिची शरयूआत्या, शहरात कॉलेजात गणित शिकवणारी. तिच्या गणितातही असंच असतं, ती सांगत होती. एकच साखळी दोनदा उमटलेली, एकदा वर, एकदा खाली. दिसायला दोन्ही वेगळ्या. पण गाठीपासून जोडीच्या गाठीपर्यंत धागा नेता आला, आणि दोन धाग्यांमधला प्रत्येक खण भरता आला, तर त्या आतून एकच. या मधल्या विणीला तिथे म्हणतात साखळी-होमोटोपी. शेजारच्या दोन खणांमधला धागा एका खणासाठी चढतो, दुसऱ्यासाठी उतरतो. चढ-उतार एकमेकांना मिटवतात. उरते ती फक्त कड.

चांगुणाला सगळं कळलं नाही. पण हात चालले. धागा चढला, धागा उतरला. खण भरला, खण भरला.

आणि शेवटी तोंड उघडं. शेवटचा खण मिटेना. खालच्या दोरावर एक गाठ एकटी, अनाथ, कुणाशीच न जुळलेली. सारी वीण तिरकी, वाऱ्यात कलंडलेल्या शिडासारखी.

तिकडे होडी पाण्यात ढकलत होते. भरती वाट पाहणार नव्हती. तिचे डोळे भरून आले. ती त्या अनाथ गाठीशी झगडू लागली.

आत्याने हात लावला नाही. एवढंच म्हणाली, "शेवट बघू नुको, चांगू. सुरवात बघ."

तिने पाहिलं. दाजीबांच्या रापणीत पहिली गाठ समुद्राची; तिला धागा लावायचा नाही, असा रिवाज. वरच्या दोरावर तिने ती गाठ भक्तिभावाने कोरी सोडली होती. खालच्या दोरावर मात्र विसरली होती. समुद्राला अर्धंच दिलं होतं. तिथूनच प्रत्येक धागा परक्या गाठीला जाऊन मिळाला होता.

तिने सारं सोडलं. सारं. खालचीही पहिली गाठ समुद्राला दिली, आणि पुन्हा बसली. आता धागे सरळ उतरले, पावसाच्या धारांसारखे. खण भरले. शेवटचा खण मिटला, जसं झोपल्या बाळाचं तोंड मिटतं.

तो तुकडा मधोमध जोडलेलं जाळं घेऊन होडी गेली, त्याचं विशाल अर्धवर्तुळ समुद्रावर उमटवून आली. रांगा उभ्या राहिल्या. दाजीबा जरा बाजूला सरकले. "हय ये. ही तुजी जागा."

ती ओढू लागली. किनारा ओढू लागला. ते अर्धवर्तुळ लहान होत, लहान होत वाळूला आलं, आणि त्याच्या मधोमध, तिच्या विणीत, उसळली चांदी. बांगडेच बांगडे, सळसळणारे, झळाळणारे. एकही मासा हसून गेला नाही. रांगेतून हाळी उठली, सुरूंपर्यंत गेली, परत आली.

आणि चांगुणा? तिने ओले हात परकराला पुसले, दोन नवे दोर वाळूवर ताणले, दोघांचीही पहिली गाठ समुद्राला दिली, आणि मधला वारा विणायला बसली.