मागच्या दाराचा पैलवान

विनिफ्रेडच्या खाणावळीचं पुढचं दार समुद्राकडे होतं. क्लिफ आला तो मात्र नेहमीसारखा बोळातून, मागच्या दारानं. ऐंशी उलटली तरी सवय सुटली नव्हती.

ब्रॅकसँड्सच्या धक्क्यावर उन्हाळ्यात कुस्त्या व्हायच्या, तेव्हाचा दंडकच होता तो. कुस्ती आधी ठरलेली असली तरी गावाचा राग खरा असे, म्हणून नायक आणि खलनायक बाहेर एकत्र दिसता कामा नयेत. लेन गावाचा लाडका, क्लिफ गावाचा राक्षस. प्रत्यक्षात दोघं जिवाचे मित्र. लेन चोरून विनीच्या स्वयंपाकघरात यायचा आणि क्लिफच्या ताटातले तळलेले बटाटे पळवायचा. एकदा जाताना तो मागच्या ओल्या पायऱ्यांवरून घसरला आणि त्याचा गुडघा कायमचा निकामी झाला. राक्षसाच्या बिऱ्हाडी हा काय करत होता, हे गावाला सांगणार कसं? "कुस्तीत मी मोडला म्हणून सांगा," क्लिफच म्हणाला. गाव करी ते राव न करी. तेव्हापासून त्याला इथं कुणी पावसुद्धा विकला नाही.

आज लेनला माती द्यायची होती.

"मी सांगून टाकते सगळ्यांना," चहा ओतता ओतता विनी म्हणाली. "पायऱ्या मीच धुतल्या होत्या. थकले रे आता."

"आणि मग लेन कोण उरेल? पायरीवरून घसरलेला एक माणूस. राहू दे, विनी. मला फक्त त्याच्या पेटीला एकदा हात लावायचाय."

चर्चच्या दाराशी, गाड्यावरच्या शवपेटीसमोर, म्हातारी मॉड छत्री रोखून आडवी आली. "आलास, मेल्या? आता काय मोडायचं राहिलंय त्याचं?"

माणसं सरसावली. विनीनं तोंड उघडलं. क्लिफनं तिच्याकडे पाहून मान हलवली. मग वाकलेली पाठ कष्टानं ताठ केली, मुठी आवळल्या, कवळी दाखवली आणि डरकाळी फोडली.

सगळ्या म्हाताऱ्यांनी एका सुरात हुर्यो उडवली. किती वर्षांनी! मॉडनं छत्री हाणली. क्लिफ कोलमडला, हातवारे करत मागं मागं गेला आणि धाडकन पेटीवर पडला. उठायला त्यानं अंमळ जास्तच वेळ घेतला. त्याचा पंजा लाकडावर अलगद टेकला होता. छत्री त्याला लागलीच नव्हती, हे एकट्या विनीला दिसलं.

लोकांनी त्याला फाटकाबाहेर घालवलं.

घरी परतल्यावर विनीनं पुढचं दार सताड उघडून ठेवलं. गावाला काय बघायचंय ते बघू दे. पण पावलं मागच्या बाजूलाच वाजली.

"पायऱ्या ओल्या नाहीत ना गं?" क्लिफनं खालून विचारलं.

"नाहीत रे बाबा," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.