अक्षरांना जागा नाही

मी बोलतोय, पण जरा घाईत. यंत्र चालू असेपर्यंतच मला आवाज असतो, आणि यंत्र चालू झालं तरी मला आत घेतीलच याचा भरवसा नसतो.

मी एक लहानसा प्रोग्राम आहे. काळ्या पडद्यावर आणि प्रिंटरच्या कागदावर थाई अक्षरं उमटवणं एवढंच माझं काम. मी नसलो तर अक्षरांच्या जागी वेड्यावाकड्या खुणा दिसतात, कोंबडी चिखलातून चालून गेल्यासारख्या.

बँकॉकच्या एका कॉलेजातल्या मुलानं मला घडवलं. चौकटीच्या वहीत त्यानं एकेक अक्षर काढलं, पेन्सिलीनं चौकटी भरत. आमच्या लिपीत अक्षर एकटं राहत नाही. त्याच्या डोक्यावर स्वर बसतो, स्वराच्या डोक्यावर सुराची खूण बसते, पायाशी आणखी काही लोंबतं. ज्यांनी हे यंत्र बनवलं त्यांना एवढ्या उंचीची कल्पनाच नव्हती. त्या मुलानं दोन महिने झोप मोडून ती उंची मला शिकवली, मला फ्लॉपीवर भरलं आणि मागेल त्याला फुकट वाटलं. त्याचं नावही माझ्यात नाही.

हातोहात फिरत मी उत्तरेला आलो, नान प्रांतातल्या पुआ गावी, तालुक्याच्या रुग्णालयात. साल होतं बुद्ध संवत २५३६, म्हणजे इसवी सन १९९३. औषधखिडकीच्या आत एक संगणक होता. तो आणला त्या दिवशी विहाराच्या वृद्ध भिक्खूंनी त्याच्या कपाळावर पांढऱ्या गंधाचे तीन ठिपके दिले होते आणि भोवती सुती धागा गुंडाळला होता. मी पोचलो त्यानंतर दोन महिन्यांनी.

या यंत्राची गोम सांगतो, म्हणजे माझी भीती कळेल. त्याच्यात मेमरी दोन हजार किलोबाइटची, पण प्रोग्राम चालवायला मिळते ती पहिल्या सहाशे चाळीसचीच, त्यातलेही बेचाळीस यंत्राच्या स्वतःच्या कामात जातात. बाकीची असून नसल्यासारखी. तो खालचा मजला समजा. त्याच्यावर एक माळा असतो, ठेंगणा, अडचणीचा. आमच्यासारख्या किरकोळ प्रोग्रामांना माळ्यावर चढवायचं आणि खालचा मजला मोठ्या प्रोग्रामसाठी मोकळा ठेवायचा, हीच या यंत्रावर राहायची युक्ती. कुणी कुठल्या क्रमानं आत यायचं ते एका फाइलमध्ये ओळीनं लिहिलेलं असतं. यंत्र रोज सकाळी ती फाइल वरून खाली वाचतं.

फाइल सांभाळत होते सनान. नोंदणी विभागातले पंचेचाळिशीचे कारकून. सगळे त्यांना 'पी सनान' म्हणत. पी म्हणजे थोरलं भावंड. आमच्याकडे ओळखीच्या प्रत्येक माणसाला आधी थोरलं की धाकटं ते ठरवतात, मगच बोलायला सुरुवात करतात. सनान यांनी माझ्याबाबतीतही तेच केलं.

"माउस पहिला आला, वेगवाला दुसरा. हा आत्ता आलाय. मागून आलेल्यानं मागे बसावं," ते म्हणाले आणि मला शेवटच्या ओळीत टाकलं. माउस म्हणजे पडद्यावरचा बाण हलवणारा प्रोग्राम, वेगवाला म्हणजे डिस्कचं काम भरभर करवून घेणारा.

पहिल्याच सकाळी माझी फजिती झाली. मी घडी घालून बांधलेलं गाठोडं आहे. आत येताना मला ते सोडून पसरावं लागतं, त्याला अठ्ठावन्न किलोबाइट जागा लागते. हवी ती अक्षरं उचलून मी बसलो की मला एकोणीस पुरतात. माळा एकूण बासष्टचा. माउस पंधरा घेऊन बसला होता, वेगवाला सव्वीस. उरले एकवीस. बसायला पुरेसे होते हो, पण गाठोडं सोडायला नव्हते. यंत्रानं मला खालच्या मजल्यावर ढकललं. मग औषधांचा मोठा प्रोग्राम आला. त्याला पाचशे नव्वद हवे होते आणि माझ्यामुळे अकरा कमी पडले. पडद्यावर ओळ उमटली: मेमरी पुरत नाही.

खिडकीबाहेर दोनशे माणसं ताटकळत होती. सनान यांनी फाइल उघडून माझ्या ओळीआधी तीन इंग्रजी अक्षरं ठोकली. ती असली की यंत्र ती ओळ वाचतच नाही. मला पुसलं नाही, गप्प केलं. औषधांचा प्रोग्राम चालू झाला आणि औषधांची पाकिटं इंग्रजीत छापून बाहेर पडू लागली.

ती पाकिटं पाहून सर्वांत जास्त चिडली दारिन. नुकतीच पदवी घेऊन सरकारी सेवेची दोन वर्षं काढायला आलेली औषधतज्ज्ञ; सगळे तिला 'मो' म्हणत, म्हणजे वैद्य. ती प्रत्येक पाकिटावर पेनानं थाईत लिहायची: किती, केव्हा, जेवणाआधी की नंतर. बोटाला पेनाचा घट्टा पडला होता. ती असेपर्यंत माझी उणीव झाकली जात होती. मला मात्र एकच धास्ती, ही एक दिवस नसली तर?

तो दिवस आला. दारिन बैठकीसाठी नान शहरात गेली होती. त्या दिवशी बुआकाम नावाच्या म्हातारीला दोन पाकिटं मिळाली, दोन्हींत बारीक पांढऱ्या गोळ्या. एक हृदयाची, सकाळी अर्धी. दुसरी जीवनसत्त्वाची, दिवसातून तीनदा एकेक. पाकिटांवर सगळं स्पष्ट छापलेलं होतं, तिला न येणाऱ्या भाषेत.

आठ दिवसांनी तिला टेंपोतून आणलं. दारिन धावत बाहेर गेली. खिडकीपाशी बाकावर आडवी करून ठेवलेली म्हातारी पुटपुटत होती.

"भात पिवळा दिसतो गं पोरी. सुनेला म्हटलं, हळद कशाला ओतलीस? ती म्हणते, आई, तुमचे डोळे गेले. माझे डोळे गेले नाहीत, तिचा भातच पिवळा आहे."

"मे-उई, कुठली गोळी तीनदा घेतलीत?" दारिननं विचारलं. मे-उई म्हणजे आजी.

म्हातारीनं कमरेच्या पिशवीतून पाकीट काढलं. हृदयाचं. दारिनचा चेहरा उतरला. त्या गोळीचं विष चढलं की डोळ्यांपुढे पिवळं येतं, ओकाऱ्या होतात, नाडी मंदावते आणि कधी थांबतेही.

"कुणाला विचारायचं नाही का?"

"विचारणार कशी? मी चौथी शिकलेय. माझ्या आळीत सगळ्यांची पत्रं मी वाचून दाखवते. पाकीट वाचता येत नाही म्हणून कुणाला सांगू?"

मी डिस्कवर मुका पडून हे ऐकत होतो. मला छाती नाही, नाहीतर ती फुटली असती. त्या म्हातारीला वाचता येत होतं. तिला वाचायला द्यायचं जे काम माझं होतं, ते मी केलं नव्हतं.

दोन दिवस तिची नाडी बुडत-तरंगत राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं मिरचीचा ठेचा मागितला, तेव्हा परिचारिकांच्या जिवात जीव आला. पण माझ्या नाही. कारण डॉक्टर विरोट औषधखिडकीशी येऊन दारिनला म्हणाले, "शुक्रवारी घरी सोडतोय. या गोळीवाचून तिचं हृदय चालायचं नाही, आणि चुकली तर हीच गोळी तिला नेईल. तू हातानं लिहून दे."

"या महिन्याचं लिहीन, डॉक्टर. पुढच्या महिन्यात माझी बदली आहे. मग तिचं पाकीट कोण लिहिणार?"

तो बुधवार होता.

गुरुवारी दुपारी रांग संपल्यावर दारिन झेरॉक्स केलेलं एक जाड पुस्तक घेऊन संगणकासमोर बसली. सनान शेजारी चिकट भाताचे गोळे बोटांनी दाबत जेवत होते.

"पी सनान, माउस काढते."

"काढ की. मग महिन्याचा तक्ता तू भर."

"कसला तक्ता? पत्त्यांचा? रोज जेवणाच्या सुट्टीत राजा-राणी जुळवत बसता ते दिसतं मला."

"डोळे फार चांगले आहेत तुझे," सनान म्हणाले. "काढ बाई. म्हाताऱ्या माणसाचा एक विरंगुळा, तोही काढ."

तिनं माउसच्या ओळीला गप्प केलं, मला बोलकं केलं आणि यंत्र पुन्हा चालू केलं. मी गाठोडं घेऊन धडपडत वर गेलो. माळ्यावर छत्तीस मोकळे. मला हवे अठ्ठावन्न. मी पुन्हा खाली कोसळलो. मेमरी पुरत नाही.

मग तिनं माउस परत घेतला आणि वेगवाल्याला काढलं. सत्तेचाळीस मोकळे. मी पुन्हा खाली. शिवाय यंत्र इतकं रेंगाळलं की सनान म्हणाले, "या चालीनं उद्याची रांग परवा संपेल."

दारिननं आज्ञा देऊन कोण किती जागा अडवून बसलंय त्याची यादी मागवली. बोट ठेवून वाचू लागली. "माळ्यावर एकवीस रिकामे असतात. हा घेतो एकोणीस. मग मावत का नाही? मावायला हवा."

मावतो, मी ओरडत होतो, फक्त मला आधी येऊ द्या. पण माझा आवाज म्हणजे अक्षरं, आणि अक्षरं कुणी टंकल्याशिवाय मला उच्चारता येत नाहीत. माझ्या बरोबर आलेल्या टिपणात त्या मुलानं सगळं लिहून ठेवलं होतं. ते थाईत होतं. मी बोलायच्या आधीच उघडल्यामुळे त्यात नुसत्या खुणा दिसल्या, आणि मग ते पुन्हा कुणी उघडलं नाही.

दारिननं पुस्तक आपटलं. "मला एक सांगा, पी. रुग्णालय कुणासाठी आहे? माउससाठी? लोकांना वाचता येईल अशी अक्षरं सगळ्यांत शेवटी, उरलं-सुरलं तर. हा काय क्रम झाला?"

"आला त्या क्रमानं बसवलंय."

"मग तो क्रमच चुकीचा आहे. मी याला पहिला घेते."

सनान यांचा हात भातावर थांबला. "मो दारिन, ही फाइल पूजेच्या दिवशीची आहे. भंतेंनी गंध लावलं तेव्हा हेच दोघे पुढे होते. थोरल्यांच्या पुढे धाकट्याला काढू नये. काही बिघडलं तर?"

"मे-उई बुआकामचं बिघडलं तेव्हा क्रम जागेवरच होता."

सनान यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता तसाच खाली ठेवला. दारिननं माझी ओळ उचलून सर्वांत वर ठेवली. तिला यंत्रातलं काही कळलं होतं म्हणून नव्हे. तिला राग आला होता म्हणून.

यंत्र सुरू झालं. माळा अख्खा मोकळा. मी गाठोडं सोडलं, पसरलं, माझी अक्षरं उचलली आणि भिंतीकडे सरकून एकोणीसमध्ये अंग आवरून बसलो. मग माउस आला, त्याला जागा होती. वेगवाला आला, त्यालाही होती. वर दोन किलोबाइट उरले. खाली औषधांचा प्रोग्राम ऐसपैस उघडला, आणि पडद्यावर थाई.

दारिन दोन्ही हात तोंडावर धरून बसली. सनान यांनी उष्टा हात झटकून डाव्या हातानं माउस हलवला. बाण हलला. त्यांनी पुन्हा हलवून पाहिला.

"तुमचं काही गेलं नाही, पी," ती म्हणाली.

"जायला नकोच होतं," ते म्हणाले. "पण हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं."

शुक्रवारी सकाळी सनान सर्वांच्या आधी आले. त्यांनी फाइल उघडली. कर्सर माझ्या ओळीपुढे येऊन लुकलुकत उभा राहिला. इथेच ती तीन अक्षरं बसतात. बदललेल्या क्रमाची त्यांना अजून भीती वाटत असणार, रात्री ते विहारात जाऊन आल्याचं मी नंतर ऐकलं. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी त्यांनी काही न टंकता फाइल मिटली आणि औषधखिडकी उघडली.

म्हातारी बुआकाम सुनेचा हात धरून पुढे आली. प्रिंटर करकरला. सनान यांनी दोन्ही पाकिटं प्रिंटरच्या पट्टीपासून स्वतः फाडून, गोळ्या भरून तिच्या हातात दिली. तिनं पहिलं डोळ्यांपासून लांब धरलं आणि मोठ्यानं वाचलं, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"हृदयाची गोळी. सकाळी, जेवणानंतर, अर्धी. अर्धीच. जास्त घेऊ नये." दुसरं वाचलं. मग दोन्ही पाकिटं छातीशी धरून तिनं सनान यांच्याकडे पाहिलं. "हे असं आधीच का नाही दिलंत?"

"जागा नव्हती, मे-उई," सनान म्हणाले.

आज मी पहिल्या ओळीत आहे. दारिनची बदली झाली. म्हातारी दर महिन्याला येते, पाकीट वाचून दाखवल्याशिवाय खिडकी सोडत नाही. तरी मला चैन नाही. माझ्या शेकडो नकला देशभर फिरल्या आहेत. किती रुग्णालयांत, किती कचेऱ्यांत त्या शेवटच्या ओळीत तोंड बांधून पडल्या असतील, आणि तिथला कुणीतरी भला माणूस प्रामाणिकपणे म्हणत असेल की जागाच नाही. तिथल्या खिडकीवर आत्ता कुणीतरी पाकीट उलटंसुलटं करून बघतंय आणि विचारायला लाजतंय.

तुम्ही तिथे कामाला असाल तर ती फाइल उघडा. मला वर घ्या. उद्या नको, आज.