जुन्या रस्त्याने गाड्या बघताना

भाऊजींना गाडी चालवताना धड दिसत नाही, हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं. माझ्या वाटण्यावर फार विसंबू नये.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभं आयुष्य त्यांनी बस चालवली, तीही याच रस्त्यावर. पुढे पलीकडून महामार्ग झाला आणि आमचा रस्ता 'जुना रस्ता' झाला. त्याच्या कडेकडेने रूळ जातात, म्हणून आम्हाला तो प्रिय. दर रविवारी आम्ही रेल्वेगाड्या बघायला निघायचो. आधी पाण्याच्या टाकीपाशी थांबायचं, मग फाटकाशी, शेवटी पुलाच्या चढावर, जिथे मालगाड्या धापा टाकत वर येतात. मी ग्रंथालयात नोकरी केलेला माणूस. स्टिअरिंगला हात लावायचा धीर मला कधी झाला नाही. माझं काम शेजारी बसून रस्ता सांगायचं. "पुढे सायकल." "डावीकडे खड्डा." मी गप्प असलो की रस्ता मोकळा, असं आमचं ठरलेलं.

त्या रविवारी भाची मागच्या सीटवर येऊन बसली. ताईनेच धाडली होती.

"बाबा कशी चालवतात ते बघायचंय," तिने सरळच सांगितलं. "ठीक वाटलं नाही, तर किल्ली मी नेणार."

"बघ की," भाऊजी म्हणाले. "मी काय काल शिकलोय?" पण सीटबेल्ट लावताना त्यांचा हात दोनदा चुकला. किल्ली गेली की रविवार गेला, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

नेमकं त्याच दिवशी महामार्गावर पुलाची दुरुस्ती निघाली होती. तिकडचे सगळे ट्रक आमच्या रस्त्यावर आलेले. भाचीसमोर उघड सांगायची सोय नव्हती. मग मी कौतुक करायला लागलो.

"वा! काय ट्रक आहे, भाऊजी. अगदी जवळ आलाय, बघून घ्या."

भाऊजींनी वेग कमी केला.

"मामा, तुला आता ट्रकपण आवडायला लागले?" भाचीने विचारलं. "आणि मघाशी त्या गाढवाला काय म्हणालास? उमदं जनावर?"

"होतंच उमदं," मी पुटपुटलो.

"अगं, असं कौतुक वेळेवर एखाद्या मुलीचं केलं असतं," भाऊजी म्हणाले, "तर आज तुला मामी असती."

भाची हसली. मला वाटलं, निभावलं.

टाकी मागे पडली. फाटक जवळ आलं असावं. तेवढ्यात माझ्या खिडकीच्या बाजूला, वळणावरून मालगाडी निघाली. पुढे एकाला एक जोडलेली तीन इंजिनं! या मार्गावर तीन मी कधी पाहिली नव्हती. मी काचेला नाक लावलं. पहिलं, दुसरं, तिसरं, त्यामागे कोळशाचे डबे. मी गप्प झालो, आणि मी गप्प म्हणजे रस्ता मोकळा.

"बाबा, ब्रेक!"

गाडी कर्कश ओरडून थांबली. फाटक बंद होतं आणि समोरच्या ट्रकचं मागचं फळकुट आमच्या बॉनेटवर जवळजवळ टेकलं होतं. मालगाडी धडधडत निघून गेली.

"रस्ता मोकळा नव्हता?" भाऊजींनी हळूच विचारलं.

"नव्हता," मी म्हणालो. "मी इंजिनं बघत होतो."

भाचीला सगळं उमगलं. "म्हणजे तू यांचे डोळे झाला होतास? आणि मला ट्रकच्या गोष्टी सांगत होतास? मामा, निदान तू तरी शहाणा असशील असं आई म्हणाली होती!"

"त्याला बोलू नकोस," भाऊजी म्हणाले. "गाडी मी चालवत होतो."

ते उतरले. बॉनेटवर हात ठेवत, चाचपडत पलीकडे आले आणि किल्ली त्यांनी स्वतःच तिच्या हातात दिली. मी मागे जाऊन बसलो. परतताना ते एकदाच बोलले. "क्लचवर पाय ठेवून बसू नकोस."

शनिवारी धीर करून मी त्यांच्याकडे गेलो.

"जुन्या रस्त्याने अजून बस जाते," मी म्हणालो.

"प्रवासी म्हणून?" ते ताडकन म्हणाले. "मी?"

ताई आतून म्हणाली, "नाहीतर बसा घरात, माझं डोकं खात."

रविवारी आम्ही बसमध्ये चढलो. ड्रायव्हरने गिअर टाकला की भाऊजी कपाळावर हात मारत. खिडकी त्यांनी मलाच दिली. टाकीपाशी गाडी दिसली, पण बसच्या खडखडाटात त्यांना माझं ऐकू येईना.

"मोठ्याने सांग की!"

चारचौघांत मी कधी आवाज चढवलेला नाही. "भाऊजी," मी ओरडलो, "एकच इंजिन आहे! निळं!" अख्खी बस माझ्याकडे वळून बघायला लागली.

"डबे किती?" भाऊजींनी विचारलं.

मी मोजायला लागलो.