जोकरचे बुजलेले बूट

मी जोकर आहे, लाकडाचा आणि आता बराच जुना. मित्रांनो, माझ्या तोंडावरचं हसू रंगवलेलं आहे. आतून मी कित्येक वर्षं चिडलेला होतो. चिडलेला माणूस निदान ओरडतो तरी. मला तेही जमत नव्हतं.

माझा जन्म उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात झाला. हिरामण सुतार एरवी पलंग आणि कपाटं करायचा. तेव्हा बदलापूरच्या पुढे, धरणाच्या रस्त्याला, जादूनगरी नावाची बाग उभी राहत होती. परीचा महाल, गुहा, झुकझुक गाडी आणि खूप उंच पाळणा. बागेच्या मालकांना दारात एक जोकर हवा होता, एक हात आडवा धरलेला, जमिनीपासून तीन फुटांवर. जे मूल डोकं न लागता त्या हाताखालून जाईल ते फुकट. ज्याचं डोकं लागेल त्याला मुलाचं तिकीट.

हिरामणने मला निळी विजार आणि पिवळा सदरा दिला, पण त्याचा खरा जीव जडला तो माझ्या बुटांवर. लालभडक बूट, त्यांना पिवळ्या नाड्या. टेपचं एक टोक बुटाच्या तळाशी धरून दुसरं त्याने हातापर्यंत नेलं आणि खूण केली. बूट जमिनीला टेकवून मला दारात उभं केलं गेलं.

सुरुवातीची वर्षं कौतुकाची होती. मुलं माझ्याशी हात मिळवायची, नाड्या सोडवायचा प्रयत्न करायची. पण पावसाळ्यात दारात पाणी साचायचं. मग दर वर्षी मे महिन्याच्या आधी तिथे सिमेंटचा एक थर टाकला जायचा. दार उचललं, तिकीटखिडकीची पायरी उचलली. मला मात्र कुणी उचललं नाही. आधी माझे तळवे गेले, मग नाड्या, मग अख्खे बूट. मी बुडत होतो आणि माझ्याबरोबर माझा हातही खाली येत होता. दर वर्षी आदल्या वर्षीपेक्षा लहान मुलांची डोकी मला लागू लागली. कडेवरून नुकतीच उतरलेली बाळं मोठी ठरू लागली. आया वाद घालायच्या, बाप संतापायचे, आणि मी हसतच उभा.

अशाच एका मे महिन्यात अंबरनाथहून एक कुटुंब आलं. वडील महिपती काडेपेट्यांच्या कारखान्यात कामाला, आई चांगुणा, आठ वर्षांची नीलिमा आणि अडीच वर्षांची जुळी मुलं, सुमेध आणि सुगत. नीलिमा आदल्या वर्षी शाळेच्या सहलीबरोबर येऊन गेली होती. पाळण्यात सगळ्यात वर गेलं की धरणाचं पाणी दिसतं, असं तिने घरी जाऊन सांगितलं होतं. चांगुणाचं माहेर त्या पाण्याखाली गेलं होतं. लहानपणी घर सोडल्यापासून तिने ती जागा पाहिलीच नव्हती. ती आली होती ते एवढ्यासाठी. दारातूनच तिने पाळण्याकडे बघून घेतलं.

महिपतीने घरून जुळ्यांना मोजून आणलं होतं. दोघंही तीन फुटांना चार बोटं कमी. तरीही माझा हात आधी सुमेधच्या डोक्याला लागला, मग सुगतच्या. दारावरच्या चिंतामणीने दोन तिकिटं जास्त सांगितली. महिपतीने समजावून पाहिलं, मग आवाज चढवला. चिंतामणीचं एकच उत्तर होतं, हात लागला की तिकीट.

तेवढ्यात नीलिमाने माझ्या पायांकडे पाहिलं.

"बाबा, याचे बूट कुठे गेले? लाल बूट होते याला."

कुणी लक्ष दिलं नाही. मित्रांनो, त्या क्षणी मला बोलता आलं असतं तर!

जवळ होते ते पैसे मोजके. महिपती म्हणाला, परत जाऊ. नीलिमाने मान खाली घातली. चांगुणाने जुळ्यांची नाकं पुसली आणि मुलांकडे बघून ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही जावा आत. माझ्या तिकिटात दोघांचं भागंल. मी बसते इथं."

"आणि पाणी?"

"पाणी काय पळून जातंय? नीलू बघंल आन् सांगंल मला."

ते आत गेले. चांगुणा माझ्या सावलीत बसली. भिंतीवरून पाळण्याचे वरचे डबे दिसत होते. नीलिमाचा फ्रॉक पिवळा होता. डबा वर आला की चांगुणा मान वर करायची.

थोड्या वेळाने ती माझ्या पायांकडे बघू लागली. मग उठली, एक दगड आणला आणि माझ्या विजारीच्या कडेचं सिमेंट ठोकू लागली. थर पातळ होता. एक ढलपी निघाली आणि आत लाल रंग दिसला.

तिने चिंतामणीला बोलावून दाखवलं. "भाऊ, लेकरं नाय वाढली. तुमचा जोकर बुडालाय."

चिंतामणीने वाकून पाहिलं. त्यालाही कळलं असावं. पण तो म्हणाला, "बाई, मला हात बघायला ठेवलंय, पाय नाही. मालकांना सांगा." मालक कुठे आहेत ते त्याला माहीत नव्हतं.

चांगुणाने पुढे वाद घातला नाही. ती पुन्हा बसली आणि येणाऱ्या आयांना गाठू लागली. पोराची चप्पल काढा, आत गेल्यावर घाला. कुणाच्या डोक्यावर कारंज्यासारखा तुरा बांधलेला असायचा, तो सोडा म्हणायची. उल्हासनगरच्या एका सिंधी बाईला तिने आपल्या हिंदीत सांगितलं, "भाभी, चोटी खोलो उसकी. बालों का भी टिकट लेता है ये जोकर." ती बाई हसत हसत खाली बसली आणि तिने मुलीचे केस सोडले. मुलगी माझ्या हाताखालून निसटून गेली. अशी कितीतरी गेली. चिंतामणी वैतागून म्हणाला, "बाई, तुम्ही कुणाच्या नोकरीला आहात?"

"तुमच्याच जोकरच्या," चांगुणा म्हणाली.

माझ्या आयुष्यात माझ्या बाजूने बोललेली ती पहिली व्यक्ती. पण तिची मान मधूनमधून वर जातच होती, आणि पिवळा फ्रॉक एकदाही दिसला नाही.

उन्हं कलल्यावर ते बाहेर आले. एक मूल खांद्यावर, एक कडेवर, आणि महिपतीचा चेहरा लाल. आत प्रत्येक खेळाशी जुळ्यांना अडवलं होतं. फार लहान आहेत, बसता येणार नाही. पाळण्यात नीलिमाला मोठ्या माणसाशिवाय सोडेनात, आणि जुळ्यांना धरायला दुसरं कुणी नव्हतं. त्यामुळे पाळण्यात कुणीच बसलं नाही.

"दारात मोठी, आत लहान," तो चिंतामणीला म्हणाला. "एक काय ते ठरवा."

नीलिमा आईजवळ आली. "आई, मागच्या वर्षी पाहिलं होतं ते सांगू?"

"सांग की."

"खूप पाणी होतं. आणि पाण्यातून एक झाड वर आलेलं. नुसता शेंडा."

"डोंगराच्या अंगाला?"

"हो."

"मग ते आमच्या दारातलं," चांगुणा म्हणाली. तिने सुगतला कडेवर घेतलं आणि ते बसच्या रस्त्याला लागले. आपण दिवसभर काय केलं, हे तिने सांगितलं नाही.

पुढे बाग बंद पडली. माझ्याभोवतीचं सिमेंट फोडून मला काढलं आणि मी पुन्हा उल्हासनगरला, जुन्या सामानाच्या एका दुकानात येऊन पडलो. बुटांवर सिमेंट तसंच होतं. बाळांच्या मोडक्या पाळण्यांमागे, धुळीत कितीतरी पावसाळे गेले. मग एक दिवस एका तरुण बाईने मला बाहेर ओढलं आणि थेट माझ्या पायांशी बसून नखाने सिमेंट खरवडलं. लाल रंग दिसल्यावर तिने दुकानदाराला माझी किंमत विचारली.

ती नीलिमा. ती आता बदलापुरातल्या कात्रपच्या एका बालवाडीत शिकवते. तिने माझे बूट घासून घेतले, नाड्या पुन्हा पिवळ्या केल्या आणि मला भिंतीशी, तळवे फरशीला टेकवून, उभं केलं. मुलं दर महिन्याला माझ्या हातापाशी येऊन बघतात, किती वाढलो. तिकीट कुणालाच नाही.

मला आणलं त्या दिवशी बालवाडीच्या मदतनीस कौसाबाईंनी तिला विचारलं, हे जुनं लाकूड कशाला आणलं? नीलिमा फडकं पिळत म्हणाली, "आई अख्खा दिवस याच्या सावलीत बसली होती. काय करत होती, मी कधी विचारलंच नाही. आता विचारायला ती नाही."

मला माहीत आहे. मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभा आहे, आणि माझं हसू रंगवलेलं आहे.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला सांगतो. कुणाला लहान किंवा मोठं ठरवण्याआधी, मोजणाऱ्याचे पाय कुठे आहेत ते बघा. आणि तुमच्यासाठी कुणी दाराबाहेर बसून राहिलं असेल, तर घरी जाताना वाटेतच विचारा, आई, तू दिवसभर काय केलंस?