निगा शिकवायचा ट्रम्पेट

मित्रांनो, शाळाशाळांतून आज जे काही बँड वाजतात, त्यांच्या पाठीशी मी उभा आहे. मी म्हणजे एक जुना पितळी ट्रम्पेट. बँड शिकवणाऱ्या शिक्षकांच्या एकवीस तुकड्या माझ्यासमोर बसून तयार झाल्या, आणि यंदाच्या समारोपात अध्यक्षांनी माझ्याकडे बोट दाखवून 'संगीतशिक्षणाचा आधारस्तंभ' असे शब्द काढले. या एकवीस तुकड्यांत मला एकूण दोनदा वाजवलं गेलं. त्यातलं एकदा चहा आल्याची वर्दी द्यायला. दुसऱ्या वेळेची गोष्ट पुढे येईलच.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या एका कारागिराने पितळेचा पत्रा ठोकून ठोकून माझा कर्णा, म्हणजे पुढचं फुललेलं तोंड, घडवला. नळी वाकवताना सुरकुती पडू नये म्हणून त्याने तिच्यात डांबर भरलं, वाकवली आणि मग डांबर तापवून काढून टाकलं. त्याने मला पहिल्यांदा फुंकलं, एकच सूर काढला, मान हलवली आणि ओठ लागले होते ती जागा फडक्याने पुसली. तोंड लावल्यावर पुसायचं असतं हे मला वाटलं सगळ्यांनाच ठाऊक असेल. मी तेव्हा अर्ध्या तासाचा होतो.

तिथून मी एका शाळेत गेलो. तिथल्या बँडमास्तरांना मुलं पाठीमागे 'बादलीमास्तर' म्हणत, कारण दर शनिवारी ते कोमट पाण्याची बादली घेऊन बसायचे. एकेक वाद्य खोलायचे, नळीतून लांब लवचीक ब्रश घालायचे, बोटांनी दाबायच्या पिस्टनला तेलाचे तीन थेंब द्यायचे. चौथा थेंब पडला की हळहळायचे. चूळ भरल्याशिवाय कोणी फुंकायचं नाही, हा त्यांचा नियम.

त्यांचा आणखी एक नियम होता आणि सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे, म्हणून नीट ऐका. ट्रम्पेटच्या टोकाला ओठ लावायची एक छोटी वाटी असते, तिला माउथपीस म्हणतात. ती वेगळी निघते. तिचा दांडा निमुळता असतो, त्यामुळे ती नुसती ठेवली आणि किंचित फिरवली की बसते. पण तिच्यावर तळहाताने टपली मारली की छान 'पॉक' असा आवाज येतो. मुलांना तो फार आवडतो. आणि त्या एका टपलीने दांडा नळीत असा काही रुतून बसतो की हाताने निघत नाही. बादलीमास्तर म्हणायचे, "बाळा, ती बाटली नाही बूच ठोकायला. पुन्हा पॉक ऐकू आलं तर मोठा ढोल गळ्यात घालून मैदानाला चक्कर मारायची." अकरा वर्षांत दोघांनी चक्कर मारली.

निवृत्त होताना मास्तरांनी मला शिक्षक-प्रशिक्षण केंद्राला भेट दिलं. मला शेवटचं पुसताना ते म्हणाले, "इथे तू पोरांची एकच तुकडी सांभाळलीस. तिथे मास्तरांच्या तुकड्या येतात. जा, त्यांना निगा शिकव." माणूस देवासारखा होता. फक्त आयुष्यात कधी कार्यशाळेला गेलेला नव्हता.

केंद्राचा हॉल पाहिला. प्लास्टिकच्या साठ खुर्च्या, छतातून टपकणारं एसीचं पाणी आणि त्याखाली एक बादली. ती बादली बघून मला सुरुवातीला बरं वाटलं होतं. पुढे कळलं की ती कधीच ओतत नाहीत, पाणी आपोआप वाळेपर्यंत थांबतात. मंचामागे फलक होता, 'वाद्यांची निगा : नवे प्रवाह'. त्यावर सालाच्या जागी कागद चिकटवला होता. आज तिथे कागदांचे एकवीस थर आहेत.

पहिल्याच दिवशी तज्ज्ञ आले. त्यांनी बँड कधी शिकवला नव्हता, पण बँड कसा शिकवावा याची पुस्तिका लिहिली होती. साठ मास्तर आपापसांत बोलत होते. तज्ज्ञांनी "कृपया लक्ष द्या" दोनदा म्हणून पाहिलं. मग त्यांनी मला उचललं आणि माझ्या माउथपीसवर तळहाताने सणसणीत टपली मारली. पॉक. हॉल गप्प झाला. तज्ज्ञ प्रसन्न हसले. तेव्हापासून त्यांचं नाव 'टपलीसर' पडलं, आणि तेव्हापासून माझा माउथपीस अडकला.

त्यानंतर टपलीसर दीड तास निगेवर बोलले. अकराव्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : माउथपीस कधीही ठोकू नये. ते वाक्य त्यांनी मोठ्याने वाचलं आणि शब्दाशब्दाखाली रेघ दाखवायला काठी म्हणून मला वापरलं.

दुपारी कोणाच्या तरी लक्षात आलं की माउथपीस निघत नाही. लगेच त्याचा सांघिक उपक्रम झाला. एका दणकट मास्तरांनी मला गुडघ्यांत धरलं, दुसऱ्यांनी माउथपीस ओढला, बाकीचे टाळ्या वाजवत होते. तिसऱ्यांनी ड्रायव्हरकडून पक्कड आणली. माझ्या नळीवर आजही तिच्या दातांचे ओरखडे आहेत. शेवटी टपलीसरांनी निष्कर्ष काढला की एकजुटीचा आनंद महत्त्वाचा, फळ गौण.

माउथपीस लागलेला असला की माझ्या पेटीचं झाकण बसत नाही. पेटी गेली कपाटावर आणि मी राहिलो टेबलावर, उघडा. आतून ब्रश जाणार नाही म्हणून मला धुणंही बंद झालं. माझ्या कर्ण्यात नावांच्या चिठ्ठ्या टाकायचे, बिस्किटांचे पुडे ठेवायचे, एकाने च्युइंगम चिकटवून ठेवलं आणि जाताना ते न्यायला विसरला.

तुम्ही म्हणाल, निदान वाजवलं तरी असेल. छे. शेजारच्या हॉलमध्ये नेहमी दुसऱ्या कोणाची तरी कार्यशाळा असायची, म्हणून आमच्याकडे आवाज करायला मनाई होती. टपलीसर सांगायचे, "डोळे मिटा आणि कल्पनेने वाजवा." मग साठ मोठी माणसं गाल फुगवून गपचूप बसायची. हे दृश्य मी एकवीस वर्षं पाहिलं. एकवीस वर्षांत एकालाही हसू आलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त शिसारी त्याचीच आली.

वाजवलं नाही, पण तोंडं मात्र सगळ्यांनी लावली. शेवटच्या दिवशी प्रत्येकाचा फोटो असायचा, हातात प्रमाणपत्र आणि ओठांना ट्रम्पेट. दर तुकडीला साठ, म्हणजे एकूण जवळजवळ बाराशे साठ तोंडं. जेवण होऊन दहा मिनिटंही झालेली नसायची. कांदा, लसूण, कॉफी, खोकल्याची गोळी, सगळं एकामागून एक. पुसणं दूरच, एक गृहस्थ तर फोटो नीट आला नाही म्हणून तीनदा तोंड लावून गेले. लाळ बाहेर सोडायला माझ्या पोटाशी एक छोटी झडप आहे. ती कोणी उघडली नाही. तुमच्या घरी बाराशे साठ पाहुणे एकाच कपातून चहा प्यायले आणि कप न विसळता परत कपाटात गेला तर तुमची आई काय म्हणेल, त्याची कल्पना करा. हे मात्र कल्पनेने करायला हरकत नाही.

एकोणिसाव्या वर्षी एक बाई आल्या. कुठल्याशा शाळेत बँड शिकवायच्या. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात स्क्रूड्रायव्हर, जुना टूथब्रश, जाड दोरा. पहिल्याच सत्रात त्यांनी हात वर केला.

"सर, अडकलेला माउथपीस काढायचा कसा? आमच्याकडे सहा ट्रम्पेट आहेत, सहाही अडकलेत."

"फार चांगला प्रश्न," टपलीसर म्हणाले. "शेवटच्या सत्रात घेऊ."

शेवटच्या सत्रात प्रमाणपत्रं वाटली.

विसाव्या वर्षी त्यांनी तोच प्रश्न विचारला. टपलीसरांनी तो गटचर्चेला दिला. गटाने तक्ता केला, त्यावर रंगीत खडूने तीन शब्द लिहिले : संवाद, समन्वय, सकारात्मकता. तक्ता भिंतीवर लागला. बाई त्याच्याकडे बराच वेळ बघत उभ्या होत्या, कडू औषधाची बाटली बघावी तशा.

एकविसाव्या वर्षी त्या पहिल्याच चहाला शेजारच्या मास्तरांशी बोलत होत्या, ते मी टेबलावरून ऐकलं.

"सहाच्या सहा एकदम कसे अडकले हो बाई?"

"माझ्या आधीचे मास्तर इथे येऊन गेले होते. परत गेले आणि वर्गाचं लक्ष वेधायला टपली मारायला लागले. म्हणाले, केंद्रात शिकवलंय. त्यांचं बघून मुलं."

"अरे देवा. मीसुद्धा तेच करतो," मास्तर म्हणाले.

"आमच्या मुख्याध्यापिका म्हणाल्यात, पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमात ट्रम्पेट वाजले तर ठीक. नाहीतर बँड बंद, आणि त्या खोलीत मोडकी बाकं टाकायची. मला यंदा उत्तर घेतल्याशिवाय जायचं नाही."

मित्रांनो, तेव्हा मला कळलं की एकवीस वर्षांत या हॉलमधून कोणी काय शिकून गेलं. स्लाइड कोणाच्याच लक्षात राहिली नव्हती. टपली सगळ्यांच्या लक्षात राहिली होती.

आता किळसवाणी गोष्ट ऐका. माउथपीस काढायचं एक साधं अवजार मिळतं. त्याला पुलर म्हणतात. दोन जबडे, दोन स्क्रू, मावतं मुठीत. ते केंद्रात चौथ्या वर्षीच आलं होतं. माझ्यापासून आठ पावलांवर, काचेच्या कपाटात, डबीत, 'दर्शनी वस्तू, हात लावू नये' अशा पाटीखाली. सतरा वर्षं मी त्या डबीकडे बघत होतो. कपाटाची किल्ली स्टोअरवाल्या काकांकडे असायची, आणि कार्यशाळेच्या आठवड्यात काका नेमके स्टोअर सांभाळणाऱ्यांच्या प्रशिक्षणाला गेलेले असायचे. यंदा त्यांचं प्रशिक्षण रद्द झालं, एवढीच काय ती दैवी कृपा.

शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे रांगेत उभे असताना बाईंनी काकांना गाठलं.

"काका, ती डबी जरा उघडून द्या."

"ती दाखवायची आहे, बाई."

"मग दाखवा ना."

काकांनी विचार केला. त्यात नियम मोडतोय असं त्यांना दिसेना. त्यांनी किल्ली लावली.

बाईंनी मला हॉलमागच्या बेसिनवर नेलं. जबडे बसवले, दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे फिरवले. एकवीस वर्षांचं दुखणं 'टक्' अशा आवाजात संपलं. मग त्यांनी नळ सोडला आणि टूथब्रश दोऱ्याला बांधून आत ओढला. जे बाहेर आलं ते सांगताना मलाच लाज वाटते. आधी हिरवं पाणी, मग तपकिरी लगदा, मग बिस्किटाचा भुगा, एक स्टेपलरची पिन आणि शेवटी कोणाच्या तरी नावाची चिठ्ठी, जी बक्षिसाच्या सोडतीत सापडली नव्हती. काका दोन पावलं मागे सरले.

"हे सगळं त्या वाजंत्रात होतं?"

"हे सगळं तोंडात घेऊन फोटो काढतात, काका."

काकांनी त्या दिवशी जेवण केलं नाही.

मग बाईंनी चूळ भरली. मित्रांनो, एकवीस वर्षांत पहिल्यांदा कोणी माझ्यासाठी चूळ भरली. त्यांनी माउथपीस हलकेच बसवला, किंचित फिरवला आणि एक साधी चाल वाजवली, मुलांना पहिल्या महिन्यात शिकवतात तसली. माझा आवाज अजून होता. ही ती दुसरी वेळ. चाल पुरी व्हायच्या आत शेजारच्या हॉलमधून एक गृहस्थ बाहेर आले.

"जरा हळू घ्याल का? आमचं श्रवणकौशल्याचं सत्र चालू आहे."

बाईंनी मला पुसलं. पुलर काकांपुढे धरला. "हा चार दिवसांसाठी मिळेल का? सही करून नेते. परत आणून देईन."

काका बेसिनकडे बघत होते. "सही नको. न्या तुमच्याकडेच. फक्त डबी राहू द्या," ते म्हणाले. "इथे डबी मोजतात."

त्यांची गाडी चारची होती. समारोपाला न थांबता त्या निघाल्या. त्यांचं प्रमाणपत्र आजही टेबलाच्या खणात आहे. जाताना त्यांनी मला मंचावर ठेवलं, शेजारी स्वच्छ रुमालावर माउथपीस. इतक्या वर्षांनी मी पेटीत जायच्या लायकीचा झालो होतो. काका पेटी आणायला शिडी शोधत होते.

काकांना शिडी मिळण्याआधी टपलीसर मंचावर आले. खाली गोंधळ होता, अध्यक्ष खोळंबले होते. सरांनी रुमालावरून माउथपीस उचलला, माझ्यात घातला आणि हॉलचं लक्ष वेधलं.

पॉक.

अध्यक्षांनी मला आधारस्तंभ म्हटलं ते त्यानंतर दोन मिनिटांनी. मग साठ फोटो झाले. एकोणसाठ खरं तर, बाई गेल्या होत्या.

पुढच्या महिन्यात बाईंचा अभिप्रायाचा कागद आला. 'सहाही सुटले. कार्यक्रम झाला. खोली राहिली.' काकांनी तो मला वाचून दाखवला, मग कार्यालयाने तो नेला आणि अहवालात 'कार्यशाळेची फलनिष्पत्ती' म्हणून छापला.

मित्रांनो, मला उपदेश करायचा कंटाळा येतो, तो मी पुष्कळ ऐकला आहे. तेव्हा थोडक्यात सांगतो. वाद्य हातात आलं तर आधी चूळ भरा. वाजवून झालं की पुसा. शनिवारी धुवा. माउथपीस ठेवा आणि फिरवा, ठोकू नका. आणि कोणी मोठ्या माणसाने ठोकून दाखवला तर तो मोठा आहे एवढ्यावरून त्याचं बरोबर आहे असं समजू नका. बादलीमास्तरांना हे चार वाक्यांत जमायचं, त्याला फलक लागत नसे.

मी अजून टेबलावरच आहे. कर्ण्यात सध्या पेनं ठेवतात.

परवा केंद्राची वार्षिक तपासणी झाली. काचेच्या कपाटातली डबी तपासनिसांनी बाहेरूनच पाहिली आणि यादीत नोंद केली : पुलर, एक नग, सुस्थितीत.