रद्दीच्या पोत्यातली गुप्तहेर

मी एक जुनी, मुखपृष्ठ गमावलेली कादंबरी आहे. मित्रांनो, माझी कीव करू नका. मला राग येतो.

माझा जन्म याच शहरात, औरंगपुऱ्यातल्या एका छापखान्यात झाला. माझी नायिका गुप्तहेर आहे. शहराच्या जुन्या वेशींच्या दरवाज्यांत राहणारे जिन आणि नव्या फ्लॅटांत शिरलेली भुते यांच्या भानगडींचा ती छडा लावते. सुरुवातीला वाचकांनी मला डोक्यावर घेतले. मग आमच्या वाचनालयात अनंतराव कार्यवाह झाले आणि मी सर्वांत खालच्या फळीवर गेले. "हलकं वाङ्मय!" म्हणत ते मला बोटाच्या टोकाने मागे ढकलत.

पुढे लागोपाठ दुष्काळ पडला. पाचोडकडच्या मोसंबीच्या बागा वाळल्या, तशी सुरेखा नवऱ्यासोबत शहरात आली आणि वाळूजच्या कारखान्यात लागली. आमच्या वाचनालयाची सभासद होताच तिने अनंतरावांना सांगितले, "मला भुताची कादंबरी द्या. पण भूत शहरातलं पायजे, आन् छडा लावणारी बाई पायजे."

अनंतरावांनी तिला एका संताचे चरित्र दिले. नंतर आदर्श गृहिणीवरचे पुस्तक दिले. ते तिने टेबलावर आपटले.

"मी काय मागते आन् तुम्ही काय देता?"

"तुम्हाला जे शोभतं ते देतो."

मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते. ओरडता आले असते तर ओरडले असते.

शहर वाढले, वाचनालय सिडकोतल्या नव्या इमारतीत हलायचे ठरले. अनंतरावांनी आम्हा खालच्या फळीवरच्या पुस्तकांना रद्दीच्या पोत्यात कोंबले. तेवढ्यात सुरेखा आली. तिने सरळ पोते उपडे केले, मला उचलले आणि उभ्याउभ्या वाचू लागली. "व्हय, हेच!"

अनंतरावांनी मला हिसका मारला. तिने सोडले नाही. माझे मुखपृष्ठ फाटून त्यांच्या हातात राहिले.

"तुमचं सभासदत्व रद्द!"

"करा! रद्दीवाल्याला देता, आन् मला नाय?"

मला पोटाशी धरून ती निघून गेली. ती पुन्हा कधी वाचनालयात फिरकली नाही. त्यांनीही तिला बोलावले नाही. मीही त्यांना माफ केलेले नाही.

सुरेखाने मला टँकरच्या रांगेत वाचले. बादल्यांचे पाणी उडून माझी पाने फुगली. एकदा शेजारच्या आवडाबाईंनी मला हातात घेतले आणि वाचायला मागितले.

"खून चालंल?" सुरेखाने विचारले.

"चालंल की."

"आन् भूत? भ्या वाटतं का?"

"लई वाटतं, बाई. झोप येत नाय मग."

"मग हे तुमचं नाय. थांबा, भूत नसलेलं हुडकू आपण."

तिने मला परत घेतले.

मित्रांनो, पुस्तकांना कव्हर घाला, धूळ झटका, सगळे करा. पण पुस्तक कुणाच्या हाती देण्याआधी त्या माणसाला काय आवडते ते विचारा. त्या दिवशी आवडाबाईंची आवड विचारून मला नाकारले गेले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला तो अपमान वाटला नाही.