काजळजोगिणीचं मरण

"पन ती तं मरी गई व्हती ना वं अक्का! राजानी तिनं मुंडकं विहीरमा फेकं ना? मंग आते पोपटशी बोलस ती कोन?"

प्रमिलाबाईच्या या प्रश्नाने मिरचीच्या ढिगाभोवतीच्या सगळ्या बायांचे हात थांबले. हात थांबले की बन्सीलाल मुकादमाची मान वर होते, आणि त्याची मान वर झाली की मला वजनकाट्यावरून उठून मध्ये पडावं लागतं. त्या दिवशी मी उठलो नाही. खोटं कशाला सांगू, उत्तर मलाही हवं होतं.

"मुंडकं फेकं," देठ खुडता खुडता सुंदरबाई म्हणाली, "पन जीव मुंडकामा नव्हता. केसमा व्हता."

"मांगे तं भुंगामा व्हता म्हने!"

"केस कापात ना, तव्हय भुंगामा गया."

"आनि मंग परत केसमा कसा उना?"

"केस वाढतस का नई? तुना वाढतस, तिना वाढावू नईत का?"

बाया हसल्या. प्रमिलाबाई हसली नाही. अमळनेरहून लग्न होऊन आलेली, सातवी पास, आणि आमच्या पथारीवरचा तिचा पहिलाच हंगाम. डोक्याला, नाकाला फडकं गुंडाळलेलं, त्यातून फक्त डोळे दिसायचे. पण त्या डोळ्यांत तपासनिसाची सगळी लक्षणं होती.

दोंडाईच्याच्या स्टेशनामागे आमच्या शेठचं मिरची वाळवायचं मैदान, म्हणजे पथारी. कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये बाया वाळल्या मिरचीचे देठ खुडतात आणि संध्याकाळी मी जिची तिची मिरची तोलून वजनाप्रमाणे मजुरी मांडतो. तिखटाने हात पेटतात, ठसका लागतो, इतर पथाऱ्यांवर दुपारी कुणीतरी उठून चहाला जातं आणि पाठोपाठ चारजणी जातात. आमच्या शेडमध्ये मात्र कुणी उठत नसे. कारण सुंदरबाईची कथा.

कथा कसली, तो एक खेळच होता. ढिगाभोवतीच्या प्रत्येक बाईला त्यात एक सोंग मिळालेलं. द्रौपदाबाई राजा, भागाबाई पोपट. नव्या बाईला राणीचा घोडा व्हावं लागे, तो रिवाज. प्रमिलाबाई घोडा होती आणि त्याचाही राग तिच्या मनात असावा. काजळजोगीण मात्र सुंदरबाईने कुणाला दिली नव्हती. कोरड्या विहिरीत राहणारी, गावाची झोप चोरून मडक्यांत भरून ठेवणारी ही जोगीण ती स्वतः बोलायची.

आणि एक नियम होता. खुडता खुडता जिला जोडमिरची सापडेल, म्हणजे एका देठाला चिकटलेल्या दोन मिरच्या, तिचा शब्द कथेत चालायचा. एकच मागणं, पण सुंदरबाईलाही ते मोडता येत नसे.

त्या नियमाने कथेचं पार मातेरं केलं होतं. भागाबाईने एकदा पोपटाचं लग्न मागून घेतलं, आणि नवरी म्हणून जी मैना आली ती आधीच्या हंगामात मांजराने खाल्लेली होती. जोगिणीचा डावा डोळा पोपटाने फोडला होता, तरी पुढे ती दोन्ही डोळ्यांनी रडायची. तिची विहीर कधी डोंगरावर, कधी तापीच्या पलीकडे. मी हिशेबाचा माणूस. जमेला आलेलं कुठेतरी खर्ची पडलेलं दिसलं पाहिजे, नाहीतर मला जेवण जात नाही. इथे जोगीण दर हंगामात मरायची आणि पुढच्या हंगामात तिची बाकी पुन्हा जशीच्या तशी निघायची!

सगळ्यांत जास्त वैताग एकाच गोष्टीचा. ही बाई झोप चोरते कशाला? आधी म्हणे राजाने तिच्या बापाला सुळावर दिलं, त्याचा सूड. मग म्हणे आजारी लेकीसाठी झोप हवी. मग एका हंगामात तिला लेकच नव्हती. मी एकदा न राहवून काट्यावरूनच ओरडलो, "अहो अक्का, तिला नक्की हवंय तरी काय?"

"तुम्ही मिरची तोला, दिवाणजी," सुंदरबाई म्हणाली. "जोगीनले तोलू नका."

पण मला या टाळाटाळीतली मेख ठाऊक होती, आणि जुन्या बायांनाही. सुंदरबाईची बोटं वाताने वाकलेली. इतर बायांच्या निम्मीही मिरची तिच्या हातून होत नसे. बन्सीलालने मला स्वच्छ सांगितलं होतं, "हे बघा दिवाणजी, कथा आहे तोवर म्हातारी आहे. बाया जागच्या हलत नाहीत म्हणून शेठ गप्प आहेत. कथा संपली, की ती जागा मी धडधाकट बाईला देणार." म्हातारीच्या घरात दुसरं कुणी कमावणारं नव्हतं, कुणीच नव्हतं. त्यामुळे जोगीण कायमची मरून चालणार नव्हतं. जोडमिरची सापडली तरी बाया मैना मागायच्या, मेजवानी मागायच्या, पण जोगिणीचा जीव कुणी मागितला नव्हता.

प्रमिलाबाईला हे कुणी सांगितलंच नाही. सगळ्यांना वाटलं, दुसरीने सांगितलं असेल.

तिला जोडमिरची सापडली ती एका शुक्रवारी. फडक्यातून दोन डोळे चमकले आणि हात वर गेला.

"राणीले एखादा चंद्रहार मांगी ले," द्रौपदाबाई घाईने म्हणाली.

"मी घोडा शे. घोडाले हार काय करना शे?"

"मंग हरभरा मांग, वं माय!"

"नको. जोगीन मरो. आनि पक्की मरो. जीव केसमा नको, भुंगामा नको, कोनाबी पोटमा नको. आनि मराना पहिले सांगो, झोप काबरं चोरस ते. डोकं पिकाडी टाकं मनं या जोगीननी!"

भागाबाईने तिच्या मांडीला चिमटा काढला. "काय चिमटा काढस वं?" प्रमिलाबाई खेकसली. चिमट्याने कळणाऱ्या गोष्टी सातवीत शिकवत नसावेत.

सुंदरबाईने हात पुढे केला. मिरची घेतली, देठ डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मला वाटलं, आता म्हणेल की दोन देठ आहेत, ही जोड खोटी. मी तर तेच म्हटलं असतं.

"एकच देठ शे," ती म्हणाली. "खरी शे."

मग तिने जोगीण मारली. दुपारभर मारली, आणि कुठेही कसर ठेवली नाही. राजाला विहिरीत उतरवलं, मडकी फोडली. एकेक मडकं फुटलं तशी एकेक आळी झोपली. पोपट झोपला, घोडा उभ्या उभ्या झोपला. शेवटी राजाने तलवार उगारली आणि विचारलं, तू हे का केलंस?

सुंदरबाई जोगिणीच्या आवाजात बोलायची तेव्हा घोगरं बोलायची. त्या दिवशी स्वतःच्याच आवाजात बोलली.

"मनी झोप तं कव्हयनीच गई, राजा. तुनी झोप लिसन मी काय करसू? ती माले लागत नई. रातले मी विहीरना काठवर येस, आनि बठ्ठं गाव अंधारं दिखास. कोनाबी घरमा एक दिवा दिखो, इतलंच पाहिजे व्हतं."

राजाची तलवार खाली आली. जोगीण मेली. भागाबाईने नाक पुसलं आणि मिरचीला शिवी दिली.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये फक्त ठसके. तिसऱ्या दिवशी बाया चहाला उठल्या त्या गप्पा मारत बसल्या, दोघी शेजारच्या पथारीवर मजुरीचा भाव विचारून आल्या. बन्सीलालने हे सगळं पाहिलं आणि संध्याकाळी ढिगाजवळ येऊन म्हणाला, "अक्का, उद्यापासून येऊ नका."

प्रमिलाबाई तडक माझ्याकडे आली. "दिवाणजी, हाई काय शे?"

मी सांगितलं. चिडूनच सांगितलं. ती ऐकत असताना तिच्या तोंडावरचं फडकं खाली आलं, आणि ती किती लहान वयाची आहे ते मला तेव्हा दिसलं. वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "मुकादमदादा, जोगीन मरेल नई! तिनी सावली विहीरमा ऱ्हायेल शे! सावलीले कोनी मारं व्हतं का? सांगा ना, मारं व्हतं का?"

हंगामभर खोट काढणाऱ्या या बाईने सगळ्यांत मोठं भोक स्वतःच पाडलं होतं, आणि मला ते चालणार होतं. बन्सीलालही थबकला. "मग? सावलीचं पुढे काय?" तो सुंदरबाईला म्हणाला. बाया वळून बसल्या. एक शब्द पुरला असता.

"सावली नई," सुंदरबाई म्हणाली. "मी उतरीसन देखं व्हतं. मरी गई ती."

"अक्का, वं!" प्रमिलाबाई रडकुंडीला आली. "इतला खेप जिवंत करी ना तिले! आते एक खेप काय व्हस?"

"आते तिनी सांगी दिधं ना, काय पाहिजे ते. मंग परत कसाले यावाव शे?"

तिने लुगड्यावरचं बी झटकलं, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि आपली मिरची घेऊन तोलायला आली. मी ती पारड्यात ओतली. थोडकीच होती. मी हिशेब लिहिताना वाकतो तसा वाकलो आणि माझा अंगठा पारड्याच्या कडेला टेकला. शेठचं मीठ खाल्ल्यापासून असं कधी केलं नव्हतं.

"हात काढी ल्या, दिवाणजी," ती म्हणाली.

मी हात काढला. पारडं वर गेलं, खाली आलं, पुन्हा थोडं वर गेलं. काटा पुरता थांबेपर्यंत ती तिथे उभी राहिली.